बाळ रडलं की नातं मोजता येतं का?

सेपरेशन अँक्झायटी, म्हणजे आई नजरेआड होताच बाळाला वाटणारी भीती, हा विषय घेतलात की एक पद्धत समोर येतेच: मेरी एन्सवर्थ यांची ‘स्ट्रेंज सिच्युएशन’. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी बाई. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळं मिळून साधारण वीस मिनिटं. बाळाचं वय १२ ते १८ महिने.

पद्धत वरवरची नाही. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते कसं वागलं, हे ती बघते. घाईत वाचलं तर नेमकं हेच सुटतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. आई दुसऱ्यांदा जाते तेव्हा बाळ खोलीत चक्क एकटं असतं. ज्याला घरी कुणी कधी एकटं सोडतच नाही, त्याचं काय? कीको ताकाहाशी यांनी १९८६ मध्ये साप्पोरोतल्या ६० बाळांचा अभ्यास मांडला. ६८ टक्के ‘सुरक्षित’, ३२ टक्के आई परतल्यावरही शांत न होणारी, आणि आईला ‘टाळणारं’ एकही नाही. मग नातं कच्चं, की प्रसंगच त्या बाळांना फार जड गेला?

आता वसई-विरारकडे बघा. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे रजा मिळते. भीती दिसू लागते साधारण सहा ते आठ महिन्यांत, म्हणजे आई पुन्हा विरार फास्ट पकडू लागते त्याच सुमारास. बाळ आजीकडे, शेजारच्या काकूंकडे किंवा पाळणाघरात. आई जाणं हे त्याला रोजचंच. ते रडलं नाही, परतलेल्या आईकडे धावलंही नाही, तर लगेच ‘टाळणारं’ म्हणायचं? आणि आजी उठून गेली की काय होतं, हे कोण बघणार?

एन्सवर्थ स्वतः आधी युगांडातल्या घरांत बसल्या, मग बाल्टिमोरच्या २६ कुटुंबांकडे वर्षभर गेल्या. वीस मिनिटांना अर्थ आला तो त्या भेटींमुळे. भेटी वगळून नुसती खोली उचलणं हे अर्धंच संशोधन.

आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं आणि शिक्षण मुलांच्या अंगणात नेलं. आपणही आधी अंगणात बसू. बाळाला भरवतं कोण, झोपवतं कोण, रडल्यावर ते कुणाकडे झेपावतं, याची नोंद करा. सिनॉप्सिसमध्ये ‘आई’ हा शब्द त्यानंतर लिहा.