अश्वशक्ती, किंमत आणि उपयोग : बारामतीत तयार होणाऱ्या तीन वाहनांच्या बाजारस्थानाची चिकित्सा

प्रस्तावना

विपणनशास्त्राच्या अध्यापनात 'बाजारस्थान' ही संकल्पना बहुधा विदेशी उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केली जाते. अशा उदाहरणांत निन्टेन्डो कंपनीच्या 'स्विच' या व्हिडिओ गेमच्या यंत्राची भर पडली आहे. टीव्हीला जोडून आणि हातात धरून, अशा दोन्ही रीतींनी खेळता येणारे हे संकरित यंत्र ३ मार्च २०१७ रोजी २९९.९९ डॉलर या किमतीस बाजारात आले. सोनी व मायक्रोसॉफ्ट यांची यंत्रे त्याहून अधिक शक्तिमान होती. तरीही स्विचचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. 'वस्तू शक्तीने कमी असली तरी वेगळेपणाच्या बळावर तिला भक्कम किंमत मिळते' असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या तीन वाहनांचा विचार येथे केला आहे.

आपे : उपयोगातून मिळालेले स्थान

'आपे' ही मुळात संकरित वस्तू आहे. स्कूटरचे पुढचे चाक आणि मागे मालाचा हौदा, अशा रचनेचे हे वाहन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत १९४८ मध्ये अवतरले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्रीव्ज कंपनीच्या भागीदारीतून बारामतीत त्याचे उत्पादन सुरू झाले. २००५ मध्ये टाटांची 'एस', म्हणजे ग्रामीण भागाचा 'छोटा हत्ती', सुमारे सव्वादोन लाख रुपयांस बाजारात आली. १६ अश्वशक्तीच्या या चारचाकीने मालवाहू तीनचाकीच्या बाजारपेठेचा मोठा हिस्सा खेचून घेतला; परंतु आपे हटली नाही. इंदापूर तालुक्यातील डाळिंबाचे क्रेट, भिगवणची मासळी किंवा गावच्या संकलन केंद्राकडे जाणारे दुधाचे कॅन यांना वेगापेक्षा अरुंद रस्त्यावर वळण्याची सोय आणि कमी फेरीखर्च अधिक महत्त्वाचा असतो. छोट्या हत्तीशी शक्तीच्या मैदानात झुंज न घेता आपेने लहान फेरीचे काम आपल्याकडे राखले. तिची कमी किंमत ही तिच्या कामाशी सुसंगत होती.

व्हेस्पा : वंशावळीची किंमत

२८ एप्रिल २०१२ रोजी याच बारामतीत व्हेस्पाच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. १२५ सीसीच्या या स्कूटरची महाराष्ट्रातील शोरूम किंमत ६६,६६१ रुपये होती. त्याच वेळी सर्वाधिक खपाच्या स्कूटर पन्नास हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीस मिळत होत्या. पोलादी बांधणी, घडण व रंगसंगती या व्हेस्पाच्या खऱ्या जमेच्या बाजू होत. तथापि घर ते महाविद्यालय, घर ते बाजार या नित्याच्या कामात तिने स्वस्त स्कूटरहून वेगळे असे काही साधले नाही. अधिकची किंमत मागितली गेली ती मुख्यतः घराण्याच्या नावावर.

एसआर १५० : संकराची कसोटी

ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या एप्रिलिया एसआर १५० ची मांडणी स्कूटर आणि मोटारसायकल यांचा संगम अशी झाली. १४ इंची चाके, सुमारे ११ अश्वशक्ती आणि दिल्लीत ६५,००० रुपये शोरूम किंमत, असे तिचे स्वरूप होते. दीडशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकली १४ ते १५ अश्वशक्तीच्या होत्या, पण महागही होत्या. त्यामुळे आरंभीची किंमत समर्पक होती, हे मान्य केले पाहिजे. पुढे किंमत चढत गेली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन निकषांचाही त्यात वाटा होता. डिसेंबर २०२० मध्ये आलेली एसएक्सआर १६० ही सुमारे ११ अश्वशक्तीची स्कूटर १.२६ लाखांस, तर सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली यामाहाची सुमारे १५ अश्वशक्तीची एरॉक्स १.२९ लाखांस मिळू लागली. तीन हजारांच्या फरकात चार अश्वशक्ती अधिक देणारा प्रतिस्पर्धी समोर उभा राहिला, तेव्हा वेगळेपणाचा मूळ दावा निष्प्रभ ठरला.

मर्यादित विक्री व सेवा जाळे हे या दुचाकींच्या अल्प खपाचे कारण सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु जाळ्याच्या अभावाने विक्री का मंदावते एवढेच त्यातून कळते. जाणकार ग्राहक अधिक किंमत का देत नाही, हे कळत नाही. संकराने दोन पूर्ण उपयोग दिले की दोन्हींचा अर्धा अंश दिला, हा खरा प्रश्न आहे. एसआरने मोटारसायकलचा डौल दिला, तिची शक्ती दिली नाही. स्कूटरची गिअरविरहित सुलभता दिली, पण कडक सस्पेन्शनमुळे खडबडीत रस्त्यावरचा आराम दिला नाही.

निन्टेन्डोचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. २०१२ मध्ये तिने 'वी यू' हे यंत्र अमेरिकेत जवळपास त्याच, म्हणजे ३०० डॉलरच्या पातळीवर आणले होते. त्यालाही हाती धरायचा पडदा होता. मात्र तो मुख्य यंत्रापासून दूर नेता येत नसे. हा संकर अर्धवट होता. त्याचा खप सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबला. स्विचने तोच पडदा प्रवासात नेण्याजोगा केला आणि एका किमतीत दोन उपयोग पूर्ण दिले. म्हणूनच अमेरिकेत तिची मूळ किंमत २०२५ पर्यंत टिकली.

निष्कर्ष

रीस आणि ट्राउट यांनी १९७०च्या दशकात मांडलेला सिद्धान्त बाजारस्थान ग्राहकाच्या मनात शोधतो. बारामतीचे उदाहरण त्यात दुरुस्ती सुचवते : मनातील जागा जाहिरातीने मिळते, पण ती टिकते कुटुंबाच्या कामकाजातील जागेवर. या परिसरातील शेतकऱ्यास हे नवे नाही. संकरित गाय गोठ्यात येते ती दुधासाठी, वंशावळीसाठी नव्हे; आणि तिची किंमतही दुधावरच ठरते. कारखान्यातील रोजगार आणि कर्ज काढून वाहन घेणाऱ्या कुटुंबाचे हप्ते, दोन्ही या हिशेबावर अवलंबून आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास स्विचचे यश शिकवताना आपे, व्हेस्पा आणि एसआर यांचा ताळेबंदही त्याच्यासमोर ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा वेगळेपणा आणि उपयुक्तता यांतील भेद त्याच्या ध्यानी येणार नाही.