जिना छपराखाली मावतो का?

‘द ब्रेडी बंच’ ही अमेरिकन कौटुंबिक मालिका १९६९ ते १९७४ या काळात दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तीन मुलगे असलेला विधुर आणि तीन मुली असलेली स्त्री यांच्या विवाहातून जुळलेले हे कुटुंब. घराचा दर्शनी भाग लॉस एंजलिसमधील एका खऱ्या घराचा; आतील खोल्या मात्र स्टुडिओत उभारलेल्या. बाहेरून घर ठेंगणे, जवळजवळ बैठे. आत माडीवर जाणारा ऐसपैस जिना! ही विसंगती झाकण्यासाठी चित्रीकरणात दर्शनी भिंतीवर एक खोटी खिडकी लावण्यात आली. गंमत अशी की, कुटुंबप्रमुख व्यवसायाने वास्तुशिल्पी आहे.

नकाशातील हा दोष आम्ही गंभीर मानत नाही. रंगमंचाला चौथी भिंत नसते, म्हणून नाटकास कोणी खोटे म्हणत नाही. नेपथ्याची कसोटी वेगळी आहे: त्या जागेत माणसे एकमेकांना टाळू शकतात का? येथे जिना थेट दिवाणखान्यात उतरतो. मुलगे व मुली यांच्या खोल्यांमध्ये एकच न्हाणीघर आहे. भांडण आणि समेट यांना ही मांडणीच वाव देते.

२०१८ मध्ये एचजीटीव्ही वाहिनीने ते खरे घर ३५ लाख डॉलरना विकत घेतले आणि सुमारे २,००० चौरस फूट जागा वाढवून आत मालिकेतील घर बांधले. जिना अखेर मावला. परंतु त्यावरून धावत उतरणारी सहा मुले गवंड्याला कशी बांधता येणार?

आमचा आक्षेप निराळाच आहे. सहा मुलांच्या त्या न्हाणीघरात शौचकूप कधी दिसत नाही. मोजमाप चुकणे क्षम्य. माणसाची गरजच वगळणे, हे मात्र कलेतील असत्य होय.