बशीतला चहा

गुंडांच्या चित्रपटांत गोळीबार पुष्कळ असतो; ध्यानात मात्र राहतात त्या बारीकसारीक गोष्टी. १९७२ च्या 'गॉडफादर'मधला इस्पितळाबाहेरचा प्रसंग घ्या. आत बाप जखमी होऊन पडलेला, मारेकरी येण्याच्या बेतात; आणि दारात उभे कोण, तर धाकटा मुलगा मायकेल व समाचाराला आलेला एक साधा पाववाला. मारेकऱ्यांची मोटार येऊन निघून जाते. पाववाल्याच्या हातांना असा कापरा सुटतो की त्याला सिगारेट पेटवता येत नाही. मायकेल ती पेटवून देतो आणि क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहतो. हात स्थिर आहे. हा मुलगा आता बापाच्या वाटेने जाणार हे आपल्याला तिथेच कळते; ते कळल्याचा आपल्याला आनंद होतो, याची मला खरी धास्ती वाटते.

रामगोपाल वर्मांनी हे बी २००५ साली 'सरकार'मध्ये मराठी घरात लावले. अमिताभ बच्चनांचा सुभाष नागरे चहा पितो तो बशीत ओतून. आमच्या सांगली-साताऱ्याकडे बशीने चहा पिणाऱ्या माणसाला कोण भिणार? तो आपल्या ओसरीवरचाच वाटतो. दिग्दर्शकाने सारी दहशत त्या एका बशीत विरघळवून आपल्याला पाजली आहे! २००८ च्या 'सरकार राज'च्या शेवटी परदेशातून आलेली अनिता त्या घराची सूत्रे हाती घेते, आणि तीही काय मागते, तर कपभर चहा. (२०१७ च्या तिसऱ्या भागाविषयी न बोललेले बरे, तो चहा निवलेला आहे.)

दोन्ही कथांच्या आरंभी एक बाप न्याय मागायला येतो. मुलीची विटंबना झालेली, कायद्याने हात टेकलेले. हा बाप आमच्या मुलखाला परका नाही. १९४३ पासून तीनेक वर्षे, सांगली जिल्हा वेगळा झाला नव्हता तेव्हा, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार इथेच नांदले. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. गांजलेली माणसे ब्रिटिशांची कचेरी सोडून त्यांच्याकडे जात. शिक्षा कडक असत. त्यांतली प्रत्येक योग्यच होती असे मी म्हणणार नाही. पण न्यायदान मंडळापुढचा तंटा गावादेखत चाले. फिर्यादीला कोणाच्या हाताचे चुंबन घ्यावे लागत नसे, की 'पुढे कधी काम पडले तर ये' असे ऋण डोक्यावर घेऊन परतावे लागत नसे. 'गॉडफादर'मधला बाप ते घेऊन परततो. खोली अंधारी, बाहेर लग्नाचा बँड, आणि न्यायाधीशाच्या मांडीवर मांजर. ब्रँडो ते इतक्या मायेने कुरवाळतो की सौदा झाला हे आपल्या लक्षातच येत नाही.

म्हणून मला सर्वांत आवडतो तो पहिल्या भागाचा शेवट. मायकेलची बायको पेले भरता भरता वळून पाहते. पलीकडच्या खोलीत माणसे तिच्या नवऱ्याचा हात चुंबीत आहेत. एक जण येतो आणि तिच्या तोंडावर दार लावून घेतो. तिच्या जागी मी दर वेळी त्या फिर्यादी बापाला उभा करून पाहतो.