सांकेतिक लिपी आणि अंकांचा मोह : सूत्रपाठाचा अर्थ कसा लावावा?

महानुभाव पंथाच्या पोथ्यांभोवती गूढतेचे वलय आहे आणि ते अकारण नाही. यादवांच्या देवगिरीच्या परिसरात वावरलेल्या श्रीचक्रधरांची वचने त्यांच्या अनुयायांनी जतन केली. पुढे ती ज्या लिपीत लिहिली गेली, ती बाहेरच्या माणसाला शतकानुशतके वाचता आली नाही. त्यातून एक समज रुजला, की या ग्रंथांत अक्षरांच्या आड आणखी काही दडलेले आहे. गेल्या काही वर्षांत ‘सूत्रपाठाचा अंकार्थ’ लावणाऱ्या दोन-तीन वह्या दौलताबादला माझ्याकडे अभिप्रायासाठी आल्या. मी विद्यापीठातला माणूस नाही. जे काही शिकलो ते पोथ्या, छापील ग्रंथ आणि जाणत्या महंतांशी झालेल्या बोलण्यांतून. म्हणून अशा धडपडीला हसण्याचा अधिकार मला नाही. पण ही पद्धत तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम ग्रंथाविषयी. केशिराजबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. ही वचने अत्यंत आटोपशीर आहेत. काही तर दोन-तीन शब्दांचीच. कोणी विचारले, कुठे विचारले, काय घडले होते, हे सगळे गळून गेल्यामुळे सूत्र एकटे वाचले तर ते कोड्यासारखे भासते. पंथातल्या अभ्यासकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच ‘प्रकरणवश’ नावाची वेगळी रचना झाली : कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले, हे सांगणारी. म्हणजे सूत्राचे कोडे सोडवण्यासाठी परंपरेने प्रसंगाकडे बोट दाखवले, अक्षरांच्या बेरजेकडे नव्हे.

आता लिपी. सकळ लिपी परंपरेने रवळोबासांच्या नावावर आहे. तिच्याखेरीज सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशी नावेही सांगितली जातात. अंकार्थवाले इथेच आधार शोधतात : “पंथातच अंकलिपी होती, मग आम्ही अंक लावले तर काय बिघडले?” उत्तर सोपे आहे. सांकेतिक लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरे चिन्ह येते आणि ती अदलाबदल ठरलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा त्यांना पंथात जे वाचले जात होते तेच मराठी वाचता आले. किल्ली खरी असल्याचा हाच पुरावा. कुलूप कोणीही उघडो, आतली वस्तू तीच निघते.

अक्षरांना अंक देण्याच्या जुन्या पद्धतीही अशाच शिस्तीच्या आहेत. कटपयादीत ‘ज’ म्हणजे ८, ‘य’ म्हणजे १. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणून ‘जय’ या शब्दातून १८ निघतात आणि महाभारताची पर्वेही १८. दौलताबादहून घाट चढला की खुलताबाद. तिथल्या सुफी परंपरेला ज्या फारसी संस्कृतीचा वारसा आहे, तिच्यात अबजद पद्धतीने एखाद्या वाक्यातून मृत्यूचे वा बांधकामाचे हिजरी वर्ष काढून ठेवण्याची रीत होती. ७८६ हा आकडाही ‘बिस्मिल्ला’च्या अक्षरांची अबजद बेरीज आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : अक्षरांची किंमत आधी ठरलेली, सर्वांना ठाऊक आणि उत्तर बाहेरून पडताळता येण्याजोगे.

अंकार्थाच्या वह्यांत नेमके हेच नाही. त्यांची रीत अशी : सूत्रातली अक्षरे मोजायची, येणाऱ्या संख्येतील अंकांची एकअंकी बेरीज करायची आणि ती पंथाच्या एखाद्या तत्त्वाशी जुळवायची. सर्वांत मोहक उदाहरण देवतांचे. महानुभाव मतानुसार देवता एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा, म्हणजे ८१,०१,२५,०१०. अंकांची बेरीज १८, तिची पुन्हा बेरीज ९. आणि या देवतांचे थोवे, म्हणजे गट, नऊच! वाचणारा क्षणभर थक्क होतो.

पण हिशेब पुरा करू. परमेश्वर एक, जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे पदार्थ चार, पंचकृष्ण पाच, देवतांचे थोवे नऊ. एकअंकी बेरजेचे पर्याय एकूण नऊच, त्यांतल्या चारांना अर्थ आधीच तयार! म्हणजे कोणताही आकडा उचलला तरी तो जुळण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला ते वर्ष १२९६. बेरीज १८, म्हणजे ९. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इथे हलवली. बेरीज १३, म्हणजे ४. खिलजीने नऊ थोवे सिद्ध केले आणि तुघलकाने चार पदार्थ, असे म्हणायचे का? हीच वर्षे शकात मांडा : १२१७ आणि १२४९. बेरजा २ आणि ७. दिनदर्शिका बदलताच सिद्धान्त गायब. दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत; बेरीज ६. तेवढ्यासाठी षड्दर्शने हजर होतात. जी पद्धत कधीच ‘नाही’ म्हणत नाही, तिच्या ‘हो’ला किंमत किती?

दुसरी अडचण पाठाची. अक्षरे मोजायची तर अक्षर निश्चित हवे. जुन्या पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार लेखकागणिक बदलतात. एके ठिकाणी ‘जीव’ तर दुसरीकडे ‘जीउ’. शिवाय लीळाचरित्राची मूळ पोथी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली आणि ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभा राहिला, असे परंपराच सांगते. त्यातूनच वेगवेगळे पाठ आले. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांचे आयुष्य हे पाठ ताडून पाहण्यात गेले. स्मरणाने जपलेला अर्थ टिकतो. अक्षरसंख्या टिकेलच असे नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. या वह्या शेवटी प्रत्येक अंकाला एकेक ग्रह बहाल करतात : १ म्हणजे सूर्य, ९ म्हणजे मंगळ. अमुक सूत्र अमुक ग्रहाच्या पीडेवर जपावे, असा सल्ला त्यापुढे येतो. चक्रधरांची शिकवण काय? देवता आपापली मर्यादित फळे देतील, पण मोक्ष देणार नाहीत. तो परमेश्वरच देतो. ज्या काळात देवगिरीच्या दरबारात हेमाद्रीपंडितासारखा मंत्री व्रते-दाने-श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ रचत होता, त्या काळात ही भूमिका किती वेगळी होती हे लक्षात घ्यावे. देवतांची संख्या सांगितली ती त्यांचे स्थान दाखवण्यासाठी. त्याच संख्येची बेरीज करून मंगळाला ग्रंथात आणून बसवणे म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घातलेल्याला मागच्या दाराने आत घेणे. हा अर्थ नुसता निराधार नाही, तो ग्रंथाच्या विरुद्ध आहे.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. हा धर्म सर्वांसाठी होता तर लिपी गुप्त का? संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्याने म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या, ही स्मृतिस्थळातली आठवण प्रसिद्ध आहे. तोच पंथ पुढे लिपीचे कुलूप घालतो, यात ताण आहेच. बिकट काळात ग्रंथ परक्या हाती पडू नये, ही भीती समजण्यासारखी आहे; तिची किंमतही पंथाने मोजली, कारण त्याच कुलपामुळे बाहेर गैरसमज पोसले गेले. तरीही फरक राहतो. सकळ लिपीच्या आतली भाषा साधी मराठीच होती आणि दीक्षा घेणाऱ्याला, मग तो पुरुष असो की बाई, किल्ली मिळत होती. अंकार्थात किल्ली फक्त वही लिहिणाऱ्याकडे असते आणि ती प्रत्येक पानावर बदलते.

सूत्रपाठ कठीण आहे, यात शंका नाही. पण त्याची कठीणता आकड्यांची नसून तुटलेल्या संवादाची आहे. सूत्र हे कुणाला तरी दिलेले उत्तर आहे. तो विचारणारा लीळेत सापडतो, त्याची अडचण कळते आणि मग दोन शब्दांचे सूत्र बोलू लागते. अंकार्थ लावणाऱ्यांकडे चिकाटी भरपूर आहे, हे त्यांच्या वह्याच सांगतात. तीच चिकाटी त्यांनी एका सूत्राची लीळा शोधण्यात आणि तिचे दोन-तीन पाठ शेजारी ठेवून वाचण्यात खर्च केली, तर या ग्रंथाला अजून बरेच वाचक मिळतील.