नागरी पक्षिनोंदी : सामर्थ्य आणि मर्यादा
कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड उपक्रमाचे सामर्थ्य नोंदींच्या संख्येपेक्षा पद्धतीत आहे. ओळखलेल्या सर्व जातींची यादी वेळ व अंतरासह दिल्यास, जी जात आढळली नाही तिची माहितीही उपयुक्त ठरते. तथापि, निरीक्षक जातात तेथलीच नोंद होते. २०२२ मध्ये रामसर दर्जा लाभलेल्या ठाणे खाडीकडे रोहित पक्ष्यांसाठी अनेकजण वळतात. वस्तीमागचा नाला, पडीक माळ मात्र दुर्लक्षित राहतो. अशी जागा मग 'वन्यजीवविरहित' ठरवून बांधकामास मोकळी करणे सोपे जाते. पाहूनही न आढळणे आणि मुळात न पाहणे, हा भेद येथे निर्णायक आहे. म्हणूनच महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील उपेक्षित जागांच्या वर्षभर नियमित नोंदी ठेवून त्या खुल्या करणे अगत्याचे होय.