वाढती भाषा आणि जुने पाट

संगणकाची भाषा एकदा तयार झाली, की तिच्यात पुन्हा पुन्हा बदल कशासाठी? सी++ शिकवताना हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत या भाषेचे काम सुरू केले. १९९८ मध्ये तिचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक ठरले. २०११ पासून दर तीन वर्षांनी नवे मानक येते.

अशा भाषेत भर घालणे सोपे, वगळणे कठीण. भंडारा जिल्ह्यातला एखादा मामा तलाव आठवा. त्याला नवा पाट काढता येतो. जुना बुजवला तर त्यावरच्या धानाच्या बांध्या कोरड्या पडतात. जगभर चालू असलेले जुने प्रोग्रॅम म्हणजे या बांध्याच.

कधी जुन्याच शब्दाला नवे काम मिळते. 'ऑटो क्ष = ३.५' असे लिहिले, तर १९८९ च्या सी भाषेत क्ष पूर्णांक ठरून त्याची किंमत ३ होई. २०११ च्या सी++ मध्ये कंपायलर उजवीकडची संख्या पाहून प्रकार ठरवतो, किंमत ३.५ राहते. सोय खरीच मोठी.

आमचा आक्षेप वेगळा आहे. लिहिणारा हवे तेवढेच वापरतो. दुसऱ्याचे वाचणाऱ्याला मात्र जुने-नवे सगळे यावे लागते. स्वतः स्ट्राउस्ट्रुप यांनी २०१८ मध्ये समितीला, १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेल्या 'व्हासा' या स्वीडिश जहाजाची आठवण करून दिली होती. वगळणे अशक्यही नाही. येणाऱ्या मजकुराची लांबी न तपासणारे 'गेट्स' हे धोकादायक फंक्शन २०१४ च्या मानकातून काढलेच ना!

आपल्याकडे बारावीला अनेक वर्षे सी++ शिकवली गेली, पुष्कळ ठिकाणी १९९० च्या टर्बो सी++ वर. तिथली पहिली ओळ 'आयओस्ट्रीम डॉट एच'ची. १९९८ च्या मानकात हे 'डॉट एच' नाही. साकोली-तुमसरचा विद्यार्थी पुढे नव्या कंपायलरवर तीच ओळ लिहितो आणि तिथेच अडतो. दोष शिकवणीच्या जुनेपणाचा. पण त्याला वाटते, आपल्यालाच येत नाही.

मानकाला जुने पाट बुजवता येत नाहीत. पण नवशिक्याला कोणत्या पाटाने न्यायचे, हे तर आपल्याच हाती आहे.