संगणकीय आराखड्यांतील नक्कल : एक पाठचिकित्सक विचार
(विशेष संदर्भ : माजिवडा, ठाणे)

प्रस्तावना :

मराठीतील 'नक्कल' हा शब्द दोन परस्परविरोधी भाव एकाच वेळी वाहतो. तलाठ्याकडून सातबाराची नक्कल घेतली जाते तेव्हा ती मुळाइतकीच विश्वासार्ह मानली जाते. एखाद्याची नक्कल केली जाते तेव्हा मात्र तीत मूळ हरवून केवळ बाह्याकार उरलेला असतो. संगणकावर इमारतीचा आराखडा काढताना एका ड्रॉइंगमधील जिना, दार, स्वच्छतागृह वा संपूर्ण मजला उचलून दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये ठेवला जातो, तेव्हा या दोहोंपैकी नेमकी कोणती नक्कल घडते, हा प्रश्न तंत्रशिक्षणात क्वचितच विचारला जातो. आज्ञा शिकवली जाते, तिची कळ पाठ करून घेतली जाते, परीक्षेत वेग मोजला जातो. उतरवलेल्या वस्तूबरोबर काय आले आणि काय मागे राहिले, याची चिकित्सा होत नाही. प्रस्तुत लेखात ही कृती हस्तलिखिताच्या प्रतलेखनासारखी मानून तिचा विचार केला आहे.

या विचारासाठी माजिवड्याची निवड सहेतुक आहे. पूर्व द्रुतगती मार्ग आणि घोडबंदर रस्ता यांच्या संगमावरील हे मूळचे गाव. आज ते ठाणे महानगरपालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या नावात टिकून आहे. अरुंद गल्ल्यांचे गावठाण, चार मजली जुन्या गृहनिर्माण संस्था आणि उत्तुंग मनोरे अशा तीन काळांतील वास्तू येथे काही मिनिटांच्या अंतरावर दिसतात. मुंबई महानगरपालिकेची हद्दही दूर नाही. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की नियमावली बदलते, ड्रॉइंगची संचिका मात्र विनासायास इकडून तिकडे येते. (ठाणे महानगरपालिकेची स्थापना ऑक्टोबर १९८२ मधील आणि ऑटोकॅडची पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील. हा योगायोगच, पण या शहराच्या वाढीचा आणि या साधनाचा काळ एकच आहे.)

मूळ आणि प्रत :

रेखाटनाच्या मेजावर ट्रेसिंग पेपर पसरून काम चालत असे तेव्हाही नक्कल होतीच. जुना कागद खाली ठेवून त्यावर नवा ठेवायचा, रोट्रिंगच्या पेनाने रेघ गिरवायची, चुकली तर ब्लेडने खरवडायची. या पद्धतीत प्रत्येक रेघ हाताखालून जात असे. गिरवणाऱ्याला जिन्याच्या पायऱ्या एकेक करून काढाव्या लागत आणि काढताना मोजाव्याही लागत. या श्रमात चुका होत, तशा पूर्वीच्या चुका ध्यानातही येत. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिची संथ गती वाचनाची संधी देत असे, एवढेच नोंदवायचे आहे.

संगणकीय रेखाटनाच्या आरंभी मूळ आणि प्रत यांचा संबंध फार विचारपूर्वक बांधला गेला होता. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रबंधात मूळ आकृती आणि तिची उदाहरणे ही कल्पना मांडली. मूळ बदलले की सर्व उदाहरणे बदलावीत, असे तिचे स्वरूप होते. ऑटोकॅडमधील 'ब्लॉक' हे त्याच कल्पनेचे वंशज होय. परंतु ही निष्ठा एका ड्रॉइंगच्या आतच टिकते. एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात ब्लॉक नेण्यासाठी पूर्वी 'डब्ल्यूब्लॉक'ने तो स्वतंत्र संचिकेत लिहून मग 'इन्सर्ट' करावा लागे. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० या आवृत्तीपासून एकाच वेळी अनेक ड्रॉइंग उघडता येऊ लागली आणि दोन कळांनी वस्तू पलीकडे नेणे ही सवयीची बाब झाली. पलीकडे गेलेल्या ब्लॉकचा मुळाशी संबंध तुटतो. मूळ कार्यालयात चूक सुधारली गेली तरी ती सुधारणा प्रतीपर्यंत पोहोचत नाही.

येथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. कमी ध्यानात येते ती नावांच्या टकरीची बाब. समजा, एका कार्यालयात 'दार-९००' या नावाच्या ब्लॉकमध्ये ९०० मिलिमीटर ही चौकटीसह रुंदी आहे आणि दुसऱ्या कार्यालयात त्याच नावाने चौकट वगळून मोकळी रुंदी घेतली आहे. पहिल्याचा मजला दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये उतरवला, तर संगणक दोन्ही दारे ठेवत नाही. जेथे वस्तू उतरते तेथील व्याख्या ग्राह्य धरली जाते आणि आलेली व्याख्या टाकून दिली जाते. पडद्याच्या तळाशी आज्ञांच्या पट्टीत दुहेरी व्याख्या दुर्लक्षिल्याची एक ओळ क्षणभर उमटते. ती वाचणारा विरळा. लेअर आणि अक्षरशैली यांचेही तसेच होते. नाव तेच राहते आणि अर्थ यजमानाचा होतो. शब्द जुना आणि अर्थ नवा, अशी स्थिती जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

मराठीच्या अध्यापकाला येथे संत एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि पाठचिकित्सेला महाराष्ट्रात शास्त्राचे रूप आले. या शास्त्राचे एक साधे सूत्र असे की, दोन प्रतींत समान शुद्ध पाठ असल्याने त्यांचे नाते सिद्ध होत नाही, समान अशुद्धी असेल तर होते. आराखड्यांनाही हे सूत्र तंतोतंत लागू पडते. दोन निरनिराळ्या इमारतींच्या ड्रॉइंगमध्ये एकाच लेअरच्या नावाचे लेखन एकाच रीतीने चुकलेले आढळले, तर त्या दोन्ही एका कुळातल्या आहेत असे खुशाल समजावे.

प्रक्षिप्त अंश :

जिन्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. समजा, २.८५ मीटर उंचीच्या मजल्यासाठी १९ चढांचा जिना काढलेला आहे. प्रत्येक चढ १५० मिलिमीटरचा. तोच जिना ३.१५ मीटर उंचीच्या मजल्याच्या नकाशात आणून ठेवला, तर वरून पाहता काहीही बिघडलेले दिसत नाही, कारण आडव्या छेदात उंची नसतेच. पायऱ्या तितक्याच, रुंदी तीच. चढ मात्र जवळजवळ १६६ मिलिमीटरचा झालेला असतो. हा सोळा मिलिमीटरचा फरक कागदावर कोठेही दिसत नाही. तो दररोज चार मजले चढणाऱ्या वृद्धाच्या गुडघ्यांना जाणवतो. नकाशा अचूक आणि इमारत चुकीची, असा हा प्रकार.

याहून अवघड प्रकार मापांचा. ऑटोकॅडमध्ये माप हे रेषेशी बांधलेले असते. रेषा ताणली की आकडा बदलतो. परंतु ड्राफ्ट्समनने घाईत तो आकडा हाताने लिहिला असेल, तर तो अक्षररूप होऊन बसतो. पुढे खोली लहान होवो वा मोठी, आकडा हलत नाही. अशी मापे पिढ्यानपिढ्या एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात जातात. प्रक्षिप्त ओवीप्रमाणे ती मूळ पाठात इतकी मिसळतात की वेगळी ओळखता येत नाहीत.

उत्तर दिशेचा बाण हाही बहुधा ब्लॉकच असतो. तो पूर्वीच्या ड्रॉइंगच्या चौकटीबरोबर येतो आणि कागदाच्या वरच्या बाजूकडे बोट दाखवतो. माजिवड्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर, पूर्वेस खाडी, आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारा वारा. येथे खिडकीच्या सज्जाची खोली दिशेवर ठरली पाहिजे. मजल्याचा अर्धा भाग 'मिरर' आज्ञेने उलटवून दुसरी बाजू तयार केली जाते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शयनगृहांना सारखाच सज्जा मिळतो. पाऊस मात्र दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. ओल येते ती एकाच बाजूच्या भिंतीला, आणि दोष गवंड्याला दिला जातो.

बंदिस्त रेषा आणि बदललेला कायदा :

नकलेतून केवळ आकार येतो, ही समजूत सर्वाधिक घातक ठरते ती क्षेत्रफळाच्या बाबतीत. चटईक्षेत्र मोजण्यासाठी मजल्याभोवती एक बंदिस्त रेषा काढतात. ती रेषा कोठून न्यायची, हा भूमितीचा प्रश्न नसून कायद्याचा आहे. मुंबईत जानेवारी २०१२ च्या फेरबदलाने बाल्कनी चटईक्षेत्रात मोजली जाऊ लागली आणि त्याच्या मोबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल चटईक्षेत्र मिळाले. चेकनाक्याच्या अलीकडे, ठाण्यात, ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी बाहेर ठेवण्याची जुनी रीत तेव्हा चालू होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तीत पी-लाइनची संकल्पना येऊन बाल्कनीही मोजणीत धरली गेली आणि निवासी वापरासाठी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी चटईक्षेत्राची तरतूद झाली. त्यातच २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची, म्हणजे ग्राहकाला विकावयाच्या कार्पेट एरियाची, तिसरीच व्याख्या दिली होती. तीत आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळल्या जातात.

म्हणजे एकाच सदनिकेभोवती तीन निरनिराळ्या रेषा संभवतात, आणि जुन्या ड्रॉइंगमधून उचललेल्या मजल्याबरोबर त्यांपैकी एखादी निमूटपणे येते. तिच्यावर वर्ष लिहिलेले नसते. २०१८ मधील मजला आज माजिवड्यातील नव्या प्रस्तावात उतरवला, तर त्याच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात रद्द झालेला नियम जिवंत राहतो. गावठाणासारख्या दाट वस्तीच्या क्षेत्रात सामासिक अंतरांचे नियम पुन्हा वेगळे. मोकळ्या भूखंडासाठी केलेली मांडणी तेथे नेता येत नाही, एवढेच नव्हे तर तेथील घरांच्या सामाईक भिंती आणि वाकडी जोती कोणत्याही ब्लॉक-संग्रहात नसतात. ती प्रत्यक्ष मोजावीच लागतात. त्यामुळेच की काय, मनोऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये शेजारची जुनी वस्ती अनेकदा रिकाम्या बाह्यरेषेने उरकलेली असते.

संगणकीय तपासणीने हे सर्व पकडले जाईल, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धा खरा आहे. नेमून दिलेल्या लेअरवरील रेषा वाचून आकडेमोड करणारी प्रणाली बेरीज चुकू देत नाही. परंतु चुकीच्या जागेवरून नेलेली रेषा योग्य लेअरवर असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ती योग्यच ठरते.

पर्याय :

नक्कल सोडून द्यावी, असे येथे सुचवायचे नाही. नीट तपासलेले अपंगस्नेही स्वच्छतागृह प्रत्येक वेळी नव्याने काढण्यात शहाणपण नाही. प्रश्न वंशावळ जपण्याचा आहे, आणि त्याचे साधन याच प्रणालीत आहे. १९९० मधील अकराव्या आवृत्तीपासून 'एक्सरेफ' ही बाह्य संदर्भाची सोय उपलब्ध आहे. तीत दुसरे ड्रॉइंग उतरवून न घेता केवळ जोडले जाते आणि मुळातील सुधारणा पुढे पोहोचते. संचिका बाहेर पाठवताना दुवे तुटतात, म्हणून लहान कार्यालये ती टाळतात. ही अडचण खरी आहे. मंजुरीसाठी एकच संचिका द्यायची झाल्यास संदर्भ 'बाइंड' करावे लागतात. मात्र बाइंड केल्यावर प्रत्येक लेअरच्या नावाआधी मूळ संचिकेचे नाव, डॉलरचिन्ह, शून्य आणि पुन्हा डॉलरचिन्ह अशी खूण उरते. ड्राफ्ट्समनना ही लांबलचक नावे गैरसोयीची वाटतात आणि ती पुसण्याच्या युक्त्या उत्साहाने शिकवल्या जातात. पाठचिकित्सकाच्या दृष्टीने हीच त्या प्रतीची पुष्पिका होय. मजला कोठून आला, हे सांगणारी ड्रॉइंगमधील ती एकमेव ओळ असते.

याउलट 'पेस्ट ॲज ब्लॉक' ही आज्ञा उतरवलेल्या वस्तूंना ए, डॉलर, सी या अक्षरांनी आरंभ होणारे यादृच्छिक नाव देते. त्या नावावरून कूळ कळत नाही, काळ कळत नाही. अभ्यासक्रमात या दोन नावांची तुलना करणारा एखादा तास ठेवणे तंत्रशाखेस कठीण नाही. विद्यार्थ्याला जुने ड्रॉइंग देऊन त्यातील परकी नावे शोधावयास सांगावीत, हाताने लिहिलेली मापे वेगळी काढावयास सांगावीत, आणि क्षेत्रफळाची प्रत्येक बंदिस्त रेषा कोणत्या वर्षीच्या नियमाची आहे ते समासात लिहावयास लावावे. असा तास मराठी विभागातील अध्यापकानेही घेण्यास हरकत नाही.